शटल माझ्याकडे होतं

पुराचं पाणी ओसरल्यावर सांगलीतल्या घरातून मी दोनच गोष्टी साताऱ्याला आणल्या: आई आणि तिचं शिलाई मशीन. आई आठ दिवसांत सावरली. मशीन मात्र गंजून इतकं घट्ट झालं होतं, की चाकाला लोंबकळले तरी हलेना. आईकडे आलं तेव्हाच ते म्हातारं होतं. माधवनगरच्या एका गिरणी कामगाराच्या बायकोने वापरून झालेलं. त्याच्यावर आईने अख्ख्या गल्लीची पोलकी शिवली.

"मशीन चालू झालं की मी माज्या घरी जाणार," आईने आल्या आल्या सांगून टाकलं.

"आधी चालू तर होऊ दे. तोवर थांब," मी म्हणाले.

मला स्वस्थ बसता येत नाही. शाळेतून निवृत्त झाल्यापासून तर मी घरातले न गळणारे नळही उघडून पुन्हा बसवते. तेव्हा मशीनही मीच घेतलं उघडायला. गॅलरीत वर्तमानपत्रं पसरली, स्क्रू डिझेलमध्ये भिजत घातले, भेगांतला गाळ खराट्याच्या काडीने कोरला. घाईघाईत पॉलिश पेपर इतका घासला, की गंजाबरोबर वरची सोनेरी वेलबुट्टीही गेली.

"अगं, गंज काढ म्हणलं, कातडं न्हाई," आई म्हणाली.

मी तिच्यावर खेकसले. खरं तर मी घाबरले होते. एकेक स्क्रू सैल होत होता, तसतसं तिचं जाणं जवळ येत होतं. तिकडे छातीइतकी ओल चढलेल्या भिंती आणि त्यांत ही एकटी, ऐंशीला टेकलेली. बरं, काम सोडून द्यावं तर हात शिवशिवायचे. चार वाजता पक्कड हातात घ्यायची आणि पाच वाजता आदळून टाकायची, असं रोज चाललं होतं.

घट बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी चाक फिरलं. मी आनंदाने ओरडणार होते, पण हाताने चाक थांबवलं. आई आंघोळीला गेली होती. मी शटल काढलं. खालचा दोरा वाहून नेणारी ती एवढीशी पोलादी होडी. तिच्याशिवाय टाका पडत नाही. ती कपाटात साड्यांखाली ठेवली.

"शटल गंजून गेलंय," मी आईला सांगितलं. "कोरेगावात एकाकडे मिळेल म्हणतात. बघते."

"बघ," एवढंच ती म्हणाली.

मी काही कोरेगावला गेले नाही. कारण नसताना दोनदा मंडईत जाऊन आले, तीच ती भांडी पुन्हा घासली. या वयात आईशी खोटं बोलायचं, आणि तेही इतकं फुसकं!

खंडेनवमीला आमच्याकडे घरातल्या प्रत्येक हत्याराची पूजा होते. मोडकी कात्रीसुद्धा वगळायची नाही. आईने मशीनला झेंडूची माळ घातली. समोर पाटावर कात्री, टेप, बॉबिनी, तेलाची बुधली मांडली. मधे बोटभर जागा मोकळी सोडली आणि हळद-कुंकवाचं ताट मांडीवर घेऊन नुसती बसून राहिली.

माझ्या आतबाहेर फेऱ्या चालल्या होत्या. शेवटी राहवेना. "कशाला थांबलीस?"

"शटल ऱ्हायलंय. आज त्याला बी हळद-कुंकू लागतंय. आन जा."

गंजून गेलं म्हणून पुन्हा सांगता आलं असतं. पण त्या दिवशी हत्यार पूजेवाचून ठेवायला माझं मन धजेना. मी साड्यांखालून शटल आणून दिलं. आईने ते पदराने पुसलं, मोकळ्या जागेत ठेवलं, कुंकू लावलं. रागाचा एक शब्द नाही. त्यानेच माझं डोकं फिरलं.

"पुन्हा पाणी आलं तर? कोण आहे तिथं तुझं? जाऊ नकोस आई, इथंच राहा!" मी ओरडले.

तिने वर बघितलं. "मशीन हुईस्तवर थांब, एवढंच म्हणालीस तू. दोन म्हैनं झालं. ऱ्हा म्हणून आज म्हणालीस."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती गेलीच. मशीन टेम्पोत चढवताना सगळ्यांत जास्त आरडाओरडा माझाच होता. आई पुढे ड्रायव्हरशेजारी बसली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाली, "दिवाळीला न्यायला ये. आता बोलावणं झालंय."