फ्युझेनवाले नेने सर

नेने सर अहवालावर सही करण्याआधी आकडे बघत नसत, आमचे हात बघत. डोंबिवली एमआयडीसीतल्या आमच्या रंगाच्या कारखान्यात बॉयलरसाठी कोळसा येई आणि तो तपासणाऱ्या प्रयोगशाळेचे ते प्रमुख. "हात बघू," एवढंच म्हणत. हात स्वच्छ दिसले की कागद परत.

मी सहा महिन्यांच्या बोलीवर लागलेली, नवी. मला हा शुद्ध चक्रमपणा वाटे. एकदा सर मीटिंगच्या घाईत होते, हात न बघताच सही करून गेले. मी त्या दिवशी ओढणीला डाग नको म्हणून ढिगाच्या वरवरची चकचकीत ढेकळं चिमट्याने उचलली होती. राख अगदी कमी भरली, अहवाल सुरेख.

दुसऱ्या दिवशी बॉयलरवाले भोईरदादा दारात. "मॅडम, तुमचा कागद एक सांगतो, माझा बॉयलर दुसराच. नुसती राख. प्रेशर धरतच नाय." मॅनेजरांनी आम्हाला बोलावलं. नोकरी गेलीच, असं मी धरून चालले होते. सर शांतपणे म्हणाले, "सही माझी आहे. हात बघायचे मी विसरलो."

मला रडूच आलं. सरांनी तिकडे लक्ष दिलं नाही, मला ढिगाकडे नेलं आणि एक ढेकूळ हातावर घासायला लावलं. त्यातल्या चमकदार पट्ट्याचा डागही पडला नाही. शेजारच्या मऊ, निस्तेज पट्ट्याने तळवा काळाकुट्ट.

"ह्याला फ्युझेन म्हणतात. फ्रान्सातल्या एका झुडपाचं नाव. त्याच्या काटक्यांचा कोळसा करून चित्रकार चित्रं काढत. पुढे दगडी कोळशात तसाच हाताला लागणारा पट्टा सापडला, त्यालाही तेच नाव दिलं. ज्या कुणी दिलं, त्याचे हात बरबटलेले असणार बघ."

हा फ्युझेन भुगा होऊन खाली बसतो आणि राखही त्यातच जास्त. भुगा सोडून नमुना घेतला की निम्मा कोळसा तपासायचा राहिला, हे मला तेव्हा कळलं. त्यानंतर मी हातानेच नमुना घेऊ लागले आणि यथावकाश कायमही झाले.

सरांच्या निवृत्तीच्या दिवशी मी अहवाल ठेवला आणि सवयीने दोन्ही तळवे पुढे केले. त्यांनी ते बघितले नाहीत. स्वतःचं पेन माझ्या काळ्या बोटांत दिलं.

"सही आता तू कर. पण हात बघत जा."

अजून बघते. आधी स्वतःचे.