मला दाखवायचं होतं ते वळण

वळू नको असं स्पष्ट सांगितलेलं असताना मी विमान वळवलं. तेही परीक्षेत.

विमान खरं नव्हतं, सिम्युलेटर होता, एवढंच माझं नशीब. ढगात बाहेरचं काही न बघता, नुसत्या काट्यांवर विमान उतरवता येतं का, याची ती परीक्षा. पास झालो असतो तर पुढच्या टप्प्याला गेलो असतो. पण खरं सांगू का, तेवढ्यावर माझं भागणार नव्हतं. मला माझ्या आतेबहिणीच्या बरोबरीला यायचं होतं. ती पास होऊन बसली होती.

आम्ही दोघं एकाच ठिकाणी विमान शिकत होतो. मी घनसावंगीजवळचा, ती केदारखेड्याची. आली माझ्यानंतर, एकटीनं विमान उडवलं माझ्याआधी. परीक्षेआधीच्या सुट्टीत गावी निघालो तर घनसावंगीच्या स्टँडवर भलामोठा फ्लेक्स. मधोमध टोपी-गॉगलमधली ती, 'जिल्ह्याची आकाशकन्या'. खाली शुभेच्छुकांच्या रांगेत, एक माजी सरपंच आणि एक खतवाला यांच्यामध्ये मी. फोटो बारावीच्या हॉलतिकिटावरचा.

"ही पायलट तुमच्यातलीच ना हो?" जीपवाल्यानं विचारलं.

"ओळखीची आहे," मी म्हणालो.

आता ते वळण. त्याला प्रोसिजर टर्न म्हणतात. ढगातून तुम्ही धावपट्टीच्या उलट्या बाजूनं येऊन पोचलात, तर जागच्या जागी गर्रकन फिरता येत नाही. खुणेच्या बीकनवरून पुढं निघून जायचं, एका अंगाला कलायचं, फिरून माघारी यायचं, धावपट्टीच्या रेषेत नीट बसायचं आणि मगच खाली उतरायचं. नकाशात हे वळण दिलेलं असेल तर ते घ्यावंच लागतं. पण रडारवरच्या माणसानं तुम्हाला हाताला धरून रेषेत आणून सोडलं, किंवा 'सरळ या' म्हणून सांगितलं, तर वळायचं नाही. फारच वाटलं तर आधी विचारायचं.

हे सगळं आम्ही सुट्टीत खळ्यात पायी चालून घोकायचो. कबड्डीला मारतात तशी फक्की मारून नकाशा काढला होता. आत्या माहेरपणाला आली होती. ती बाजेवर शेंगा फोडत बसायची, म्हणून तिला कंट्रोलर केलं. लेकीनं तिला दोनच हुकूम शिकवले होते : 'नकाशाप्रमाणं ये' आणि 'सरळ ये'.

बहीण नकाशाप्रमाणं चालली. पुढं गेली, कलली, फिरली आणि पांढऱ्या रेषेवर अशी येऊन बसली की माझी आई, जिला मी विमान शिकतो याचंही फारसं कौतुक नाही, ती म्हणाली, "काय सुरेख फिरली गं पोरगी!"

याहून सुरेख फिरून दाखवायचं, मी ठरवलं.

माझी पाळी आली तेव्हा आत्या ओरडली, "सरळ ये रे, भाकरी निवून राह्यल्या."

मी वळलो. ऐटीत, दोन्ही हात पसरून वळलो आणि रचून ठेवलेल्या तुराट्यांत जाऊन पडलो.

"तुला सरळ ये म्हणलं ना?"

"आत्या, वळण तर बघा माझं!"

"बघितलं. आता तुराट्या उचल."

सुट्टी संपली. आधी तिची परीक्षा झाली, ती पास. त्या वळणावरच पास झाली असणार, हे मी गृहीत धरलं. तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, आणि मग मला ऐकून घ्यावं लागलं असतं.

माझ्या परीक्षेला आम्हाला शिकवणारे सर मागं बसून कंट्रोलर झाले होते. इकडं वळ, तिकडं वळ करत त्यांनी मला अलगद रेषेत आणून सोडलं आणि म्हणाले, "सरळ उतर." "सरळ उतरतो," मी उत्तरही दिलं. आणि त्याच क्षणी डोक्यात आलं : वळलोच नाही, तर माझं वळण तिच्याहून देखणं आहे हे यांना कळणार कसं?

रेषेत बसलेलं विमान मी रेषेबाहेर काढलं आणि वळवलं. वळण सुंदर झालं. ते मी अजूनही म्हणतो.

सरांनी पडदा थांबवला. "तुझ्यामागं मी दुसरं विमान ठेवलंय. तू त्याच्या नाकासमोर गेलास. का वळलास?"

"सर, नकाशात आहे."

"मी काय सांगितलं होतं?"

"सरळ उतर," मी पुटपुटलो.

"तुझ्या बहिणीलाही हेच दिलं होतं," सर म्हणाले. "ती सरळ उतरली."

म्हणजे जिच्या वळणावर मी जळत होतो, ती वळलीच नव्हती!

पुढं दोघं गावी आलो तेव्हा मी ही हकिकत जरा रंगवून सांगायला घेतली. वारा, ढग, सरांचा खडूस स्वभाव, सगळं घातलं. बहीण खाली मान घालून हसू दाबत होती. "दादा, पुढच्या वेळी सोबत सराव करू," एवढंच म्हणाली. तेही मला झोंबलं.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तिथंबी तुला सरळ ये म्हणले, अन् तू वळलास?"

"हो, पण आत्या—"

"मंग त्या फ्लेक्सवर खालच्या रांगेत तुझा फोटो बराबर जागी आल्ता."