रवानावळ

आमच्या केडगावात आजही एक गोष्ट रंगवून सांगितली जाते. मी म्हणे खानावळीची पाटी चुकवली, लोक ती चूक पाहून हसायला थांबले आणि त्या हसण्यावर माझ्या बहिणीचा धंदा उभा राहिला. सांगणाऱ्यांपैकी एकानेही आयुष्यात कुंचला धरलेला नाही. ती पाटी मी रंगवली होती. तेव्हा खरे काय ते माझ्याकडून ऐकावे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. धाकट्या बहिणीने तोवर दुसऱ्यांच्याच घरी भाकऱ्या थापल्या होत्या. पुणे रस्त्याला लागून तिने पत्र्याची शेड घातली आणि मला बजावले, "दादा, दिवाळीपातूर गाड्या थांबल्या तर बरं. न्हाईतर मी परत लोकांच्या चुलीपुढं."

पाट्या रंगवणे हा माझा व्यवसाय. नाजूक, वळणदार अक्षर धावत्या ट्रकमधून वाचता येत नाही, हे मी जाणून होतो. म्हणून ठोकळ्यासारखी अक्षरे काढली: वीतभर जाड रेघा, तुळईसारखी शिरोरेषा, पिवळ्यावर काळा रंग. 'खानावळ'. फर्लांगभर अंतरावरून दिसे.

दिसे, पण थांबत कोणी नसे. एकदा चाक पंक्चर झाले म्हणून एक ट्रकवाला नाइलाजाने उतरला. पाटीकडे पाहत तो बहिणीला म्हणाला, "मावशी, तुमीच वर 'रवाना' लिवलंय, मग आमी थांबायचं कशाला? ही रवानावळ हाय व्हय?"

बहीण हसली नाही. तो गेल्यावर म्हणाली, "पाटी उतरव, दादा. मी नगरातनं दुसरी करून आनते."

इथेच लोकांची गोष्ट खोटी पडते. माझा 'ख' शाळेत गिरवतात तसाच होता. आधी 'र', शेजारी 'व'. त्यात चूक नव्हती. मात्र रेघा जाड झाल्या की अक्षराचे अवयव सुटे भासतात आणि वेगात जाणारा डोळा एका अक्षराची दोन करतो. पाटी न उतरवता मी शिडी लावली. 'र'चा पाय लांबवून 'व'च्या दांड्याला भिडवला. दोघांना मिळून एकच भक्कम बैठक झाली. मी चूक दुरुस्त केली नाही, अक्षर सुधारले. हा फरक ज्यांना कळत नाही, त्यांनी पाट्यांविषयी बोलू नये.

आणि हसायला थांबलेला माणूस पुन्हा येत नसतो. शेडपुढे त्याच त्या गाड्या पुन्हा पुन्हा उभ्या राहू लागल्या, श्रीगोंद्याकडच्या, पुण्याकडच्या. तो पहिला ट्रकवालाही आला, सगळी चाके शाबूत असताना.

"खा-ना-वळ," त्याने मोठ्याने वाचले. "आता रवाना करत न्हाई का, मावशी?"

"आदी जेव," पिठातला हात न काढता बहीण म्हणाली. "मग करते."

दिवाळीला तिने शेडला आणखी पत्रे जोडले. वर पाहत मला विचारले, "दादा, 'चहा'बी ह्याच अक्षरात काढशील?"

मी म्हटले, "जागा ऐसपैस ठेव. माझी अक्षरे दाटीवाटीत बसत नाहीत."