बिर्याणी सांगायची कुणाला?

एचआरवालीकडे किस्से साठतात ते बहुतेक दुसऱ्यांच्या वाईट दिवसांचे. मैत्रिणींना हसवायला म्हणून मी सुरू करते आणि मध्येच माझीच गाडी अडते.

आमची कंपनी ऑस्ट्रेलियन, ऑफिस कुवेतला. कुणाची जागा रद्द करायची तर पर्थच्या हेड ऑफिसातल्या मॅडमचा हुकूम, तिकडच्या कायद्याप्रमाणे करा. आधी माणसाशी बोला, त्याचं ऐका, दुसरी जागा शोधा, मग ठरवा. यंदा पाळी आली स्टोअरच्या सलीमभाईंवर. रत्नागिरीचे, केस इथेच पिकलेले.

*

पहिल्या मीटिंगआधीच घोळ झाला. अकाउंट्सच्या मिनूला कुणकुण लागली. तिने प्रेमाने निरोपाची पार्टी ठरवली आणि सवयीने बिर्याणी सांगितली सलीमभाईंनाच. फहाहीलच्या हॉटेलातून नेहमी तेच आणतात.

"आणतो की. कोण चाललंय?"

मिनू तशीच धावत माझ्याकडे आली.

मॅडम फोनवर मला म्हणाल्या, "निर्णय झाला नाही, तर निरोप कसला? पार्टी रद्द करा."

*

मीटिंगमध्ये मी ट्रेनिंगमधलं वाक्य टाकलं. "सलीमभाई, विचार जागा रद्द करायचा आहे, माणूस नाही."

"ताई, इकामा माणसाच्या नावावर असतो. नोकरी गेली की इथे राहायचा परवाना गेला. धाकटी बारावीला आहे. जागेला थोडंच विमानात बसवणार?"

मी ट्रेनिंगची वही मिटली.

*

दुसरी जागा शोधली. एकच निघाली, रिसेप्शनिस्टची. अस्खलित अरबी हवं.

"बोलतो की," सलीमभाई म्हणाले. "पण माझं अरबी टोमॅटोच्या भावापर्यंतच."

दोघंही हसलो. मग त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला.

*

शेवटच्या मीटिंगला सोबत आपलं माणूस आणता येतं. सलीमभाईंनी माझं नाव दिलं.

"अहो, मी तर कंपनीची!"

"असू दे. माझं इंग्रजी मोडकं. तुम्ही समजावून सांगाल."

मग पर्थहून मॅडमनीच व्हिडिओवर मीटिंग घेतली आणि मी माझी खुर्ची सलीमभाईंच्या बाजूला नेली. दुसरी जागा मिळाली नव्हती. निर्णय वाचून झाला. मॅडमनी हळू आवाजात विचारलं, सगळी पद्धत तुम्हाला न्याय्य वाटली का?

मी मराठीत विचारलं. सलीमभाईंनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"सांगा त्यांना, इतक्या अदबीनं मला आजवर कुणी बाहेर काढलं नव्हतं."

मी स्क्रीनकडे वळून इंग्रजीत म्हटलं, "ही सेज यस."