सरांना मी रस्त्यातूनच परत पाठवलं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही — आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्या घरातले नाही, म्हणून असेल. सरळ मुद्द्यावर मला येता येत नाही. थोडं मागून यावं लागेल.

मालेगावपासून चार मैलांवर आमचं गाव. तेव्हा आम्ही अकोला जिल्ह्यात मोडायचो. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती, मी मॅट्रिकला होतो, आणि मला बास्केटबॉलचं वेड लागलं होतं. हसू नका. मावशीकडे अमरावतीला गेलो होतो, तिथल्या एका कॉलेजच्या मैदानावर पोरं खेळत होती. एक जण उडाला, त्याच्या हातून चेंडू सुटला आणि कडीला न लागता जाळीतून खाली आला. त्या जाळीचा आवाज — सुती कापड झटकल्यासारखा. घरी आल्यावर मी तो आवाज तोंडाने काढून पाहायचो. मला तो मुलगा व्हायचं होतं. गावात माझ्याएवढा उंच कुणी नव्हता. उंची आहे म्हणजे खेळ येणारच, असं मी धरून चाललो होतो.

शाळेतल्या ड्रिलच्या मास्तरांना कबड्डीपलीकडे काही येत नव्हतं. मी बाबांच्या मागे लागलो. बाबा शेतकरी, तरुणपणी कुस्त्या केलेले. त्यांना हा खेळ काय तेच कळेना, पण एक गोष्ट त्यांना लगेच पटली. आईला म्हणाले, "पैलवानाले वस्ताद लागते, मंग याले काहून नाही?"

झालं, वस्तादाचा शोध सुरू झाला. मालेगावच्या बाजारात बाबा ज्याला त्याला विचारायचे — बियाण्याच्या दुकानदाराला, सायकलवाल्याला, एसटीच्या कंडक्टरला. "चेंडू कडीत टाकाचं शिकवणारा कोणी आहे काय?" लोक हसायचे. बाबाही हसायचे, पण विचारायचं सोडलं नाही. महिन्याभराने त्या कंडक्टरनेच सांगितलं, की मालेगावात एका सरकारी ऑफिसात नवा कारकून आलाय, इंगोले नावाचा. औरंगाबादला कॉलेजच्या संघात खेळलेला आहे. बाबा त्याच दिवशी त्यांच्या खोलीवर गेले आणि ठरवूनच आले.

मला वाटलं होतं, ताडमाड माणूस येईल. सायकलवरून उतरले ते माझ्या खांद्याला लागतील एवढे. सत्तावीस-अठ्ठावीसचं वय, पांढरा सदरा, पायात कॅनव्हासचे बूट. शिकवणी रविवारी आणि गुरुवारी, उजाडताना. माझी परीक्षा संपली होती, खळं रिकामं होतं. लोहाराने कडी करून दिली, सुताराने जुन्या दाराची फळी मारली, आणि सागाच्या बल्लीवर ती उभी राहिली. चोपून सारवलेल्या खळ्यावर चेंडू चांगला उसळी घेतो, हे सरांनीच पहिल्या दिवशी टाच आपटून पाहिलं आणि खूश झाले.

दोन आठवडे त्यांनी मला कडीकडे चेंडू टाकूच दिला नाही. नुसते पाय. एक पाय रोवून त्याच्यावरच फिरायचं, थांबायचं, पुन्हा फिरायचं. मग टप्पा — उजव्या हाताने, डाव्याने, चेंडूकडे न पाहता. मी चिडायचो. मला जाळीचा आवाज हवा होता आणि हे मला शेणाच्या जमिनीवर नाचवत होते.

माझी बहीण सिंधू. नववीत होती. गेलेला चेंडू आणून द्यायला ती खळ्याच्या कडेला उभी असायची — म्हणजे मीच तिला उभी केली होती. ती चेंडू परत फेकायची, आणि सर तिच्या फेकण्याकडे पाहायचे. हे माझ्या लक्षात आलं होतं का? आलं होतं. एका गुरुवारी ते म्हणाले, "सिंधू, तू टाक बरं एक." तिने परकर खोचला आणि टाकला. फळीला नाही, कडीला नाही — सरळ आत. आमच्या कडीला जाळी नव्हती, म्हणून आवाज आला नाही. पण मला तो ऐकू आला.

त्यानंतर ती दर वेळी खेळली. सर तिला पायांचं काहीच शिकवत नव्हते. ते तिच्याकडे होतंच. मी घामाघूम होऊन जे दहा दिवसांत करायचो ते ती एकदा पाहून करायची आणि पदराने पुसावं तसं परकराच्या टोकाने तोंड पुसून पुन्हा चेंडू मागायची. बाबा बाजेवर बसून पाहायचे. सरांना शेजारी बसवून घ्यायचे. "वस्ताद, हे पोरगी त लयच पाखरू आहे," म्हणायचे.

इथे मला आणखी एक गोष्ट सांगावी लागते. इंगोले सर बौद्ध होते. बाबा त्यांना बाजेवर शेजारी बसवायचे, पण आई चहा आणायची तो वेगळ्या कपात. कान तुटलेला, निळ्या रेघेचा कप — तो ओसरीच्या कोनाड्यातच राहायचा, आत यायचा नाही. बाबांनी त्यावर कधी काही म्हटलं नाही. सरांनीही नाही. चहा प्यायचे, कप स्वतः विसळायचे आणि कोनाड्यात पालथा घालायचे. मी दर वेळी पाहत होतो. हे का सांगतोय ते पुढे कळेल.

मे संपत आला होता. परत जाताना सर सायकल हातात धरून चालत होते, मी वेशीपर्यंत सोबत. ते म्हणाले, "विश्वास, खोटं नाही सांगत. तुह्यात मेहनत आहे. पण तिच्यात खेळ आहे." मग म्हणाले, "पुढच्या महिन्यात अकोल्याले जिल्ह्याच्या पोरींचा संघ निवडून राह्यले. तिले न्यायले पाह्यजे. मी बाबाशी बोललो असतो, पण पोरीची गोष्ट आहे, अन् मी... तू आधी विचारून पाह्य."

त्या "अन् मी" नंतर ते थांबले होते. का थांबले ते मला कळलं होतं.

मी विचारलं नाही. तीन दिवस मी बाबांच्या आसपास फिरलो. वखरावर सोबत गेलो, जेवायला शेजारी बसलो. विचारलं असतं तर? बाबा हो म्हणाले असते, हे मला पक्कं माहीत होतं — म्हणूनच विचारलं नाही. माझ्यासाठी शोधलेला वस्ताद. माझ्यासाठी उभी केलेली कडी. आणि अकोल्याला जाणार ती?

रविवारी उजाडायच्या आत मी उठलो आणि नाल्याच्या पुलाशी जाऊन उभा राहिलो. सर आले, मला पाहून उतरले. त्यांच्या सायकलच्या कॅरिअरला निवडीचा फॉर्म होता, घडी घालून, आणि त्यावर सिंधूचं नाव आधीच लिहिलेलं मला दिसलं. मी म्हणालो, "बाबा म्हणे, पोरीचं नाव काढू नका. अन् आता घरी येऊ नका."

दुसरं वाक्य मी ठरवून आलो नव्हतो. ते तोंडातून गेलं. पण गेल्यावर मी ते मागे घेतलं का?

तुम्हाला वाटेल, त्यांनी विचारलं असेल — काहून? काय झालं? कालपर्यंत त मले बाजेवर बसवत होते. नाही. काहीच विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "बरं." जणू हे कधीतरी ऐकावं लागणारच होतं, आज ऐकलं. माझं खोटं त्यांना पटवावं लागलंच नाही. आमच्या ओसरीवरच्या त्या कपाने ते आधीच पटवून ठेवलं होतं, आणि मला ते ठाऊक होतं. सतरा वर्षांचा होतो, पण कुठे घाव घातला की माणूस उलटून विचारणार नाही, एवढं मला समजत होतं.

त्यांनी सायकल वळवली. मग मान फिरवून म्हणाले, "मनगट सैल ठेवत जाय. घट्ट धरतं तू." आणि गेले.

घरी मी सांगितलं, सरांची बदली झाली. बाबा हळहळले. दोघांची गाठ पडू नये म्हणून कॉलेज सुरू होईपर्यंत मालेगावचा बाजार मीच केला, आणि पुढे सरांची खरंच बदली झाली. सिंधू मला चुलीमागे गाठून विचारू लागली, "मले काही सांगतलं काय त्याईनं?"

"नाही," मी म्हणालो.

ती पाऊस पडेपर्यंत एकटीच कडीत चेंडू टाकत राहिली. मग खळं भिजलं आणि चेंडू उसळेनासा झाला. मी अकोल्याला कॉलेजात गेलो. संघात माझं नाव आलं, पण दोन वर्षं मी बाकावर बसून दुसऱ्यांचे टॉवेल सांभाळले. सुट्टीत घरी आलो की बाबा एकदा तरी म्हणायचे, "वस्तादाची बदली झाली नसती त सिंधूले मी धाडलं असतं." सिंधूचं लग्न झालं, इंझोरीला दिली.

सर मला एकदा भेटले. तीन-चार वर्षांनी, मालेगावच्या स्टँडवर. त्यांनीच ओळखलं. माझ्या खेळाचं विचारलं नाही, सिंधूचं विचारलं. लग्न झालं म्हटल्यावर मान हलवली. मग स्वतःहून म्हणाले, "बाबावर माह्या राग नाही. पोरीच्या बापाले भेव राहतेच. माणूस चांगला, शेजारी बसवे." गाडी लागलेली होती, सुटायला दहा मिनिटं तरी होती. दहा मिनिटांत सांगून झालं असतं. मी विचारलं, "चहा घेता काय, सर?" ते नको म्हणाले.

त्याच वर्षी सिंधू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. एका दुपारी पोराला मांडीवर घेऊन बसली होती, मी बाजूला पेपर वाचत होतो. तिचं लक्ष खळ्याकडे होतं. कडी केव्हाच काढून टाकली होती. ती म्हणाली, "दादा, मले वाटे सरले माह्या खेळ आवडते. पण जाताना एक शब्द बोलले नाही. तवा समजलं, पोरगी म्हणून खेळू देत होते, मन राखाले." तिने हे दुःखाने म्हटलं नाही. ठरून गेलेली गोष्ट सांगावी तसं म्हटलं, आणि पोराच्या अंगावरची माशी हाकलली.

फॉर्मवर तिचं नाव होतं. सरांच्या वळणदार अक्षरात, आधीच लिहिलेलं. मी पेपरचं पान उलटलं.

बाबा गेले. सरही गेले म्हणून ऐकलं. सिंधू इंझोरीतच आहे. सणावारी येते, दादा दादा करते. तिला अजूनही तसंच वाटतं.