न गळणारी बुचं

बहारीनमध्ये पिण्याचं पाणी बाटल्यांत भरणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटी विभागात आहे. माझं काम सांगायला सोपं आहे. भरलेल्या बाटल्यांपैकी काही उचलायच्या, उलट्या करायच्या, दाबायच्या, आणि बुचाखालून थेंब आला तर तो सगळा लॉट बाजूला काढायचा. तालुक्याच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन मी बी. एस्सी. झालो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच. मला शिकवणाऱ्या सरांचं आणि पोटाला चिमटा घेऊन फी भरणाऱ्या आई-वडिलांचं ऋण मी कधी विसरलो नाही. म्हणूनच हे लिहिताना हात जड होतो. जे घडलं ते माझ्या अडाणीपणाने घडलं नाही, शिक्षणाने घडलं.

अराद भागातल्या ज्या फ्लॅटमध्ये मी राहतो, तिथे मला दादांनी आणलं. दादा मालवणकडचे, ट्रेलर चालवायचे. मी आलो तेव्हा पहिले दोन महिने त्यांनी मला स्वतःच्या खोलीत ठेवलं, जेवू घातलं, आणि रेसिडेंट कार्ड हातात येईपर्यंत एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांची मुलगी गावाकडे इंजिनिअरिंगला होती. "तुझ्यासारखी शिकूक व्हयी," असं ते म्हणायचे. हे घडलं तेव्हा तिची दोन वर्षं राहिली होती. तेवढी दोन वर्षं गाडी चालवायची आणि मग खलास, कायमचं घरी, असा त्यांचा हिशेब होता.

दादांना एकच नाद होता, घरी बिअर करायचा. इथे दुकानात दारू मिळते, पण ती ड्रायव्हरच्या पगाराला झेपणारी नाही. घरी करायला परवानगी नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. दादा वर्षातून चार-पाच वेळा स्वयंपाकघरातल्या मोठ्या डब्यात ती लावायचे. बाटल्या आमच्या इमारतीखालच्या केरळी माणसाच्या कोल्ड स्टोअरमधून यायच्या; किराणा दुकानाला इथे तसं म्हणतात. लोक तिथे बिनदारूचं माल्ट पिऊन तपकिरी बाटल्या टाकून जातात, त्या दादा गोळा करायचे, गरम पाण्यात भिजवून लेबलं खरवडायचे, उन्हात सुकवायचे. मग नवीन पत्र्याचं बूच ठेवून दोन दांड्यांच्या हत्याराने दाबायचे.

पण त्या बाटल्यांच्या तोंडाला आटे असतात. मूळचं झाकण फिरवून काढायचं असतं. त्यावर दाबलेलं बूच वरून घट्ट दिसलं तरी आट्यांशी बारीक फट राहते. दादा प्रत्येक बाटली कानाशी धरून ऐकायचे. बारीक फुस्स ऐकू आलं तरी, "असू दे, श्वास घेता हा," म्हणून ठेवून द्यायचे. त्यामुळे त्यांची बिअर नेहमी मिळमिळीत व्हायची, ग्लासात फेस म्हणून नाही.

शेजारच्या खोलीत साताऱ्याचा एक एसी मेकॅनिक राहायचा. तो दादांना सोडायचा नाही.

"काय ओ दादा, बिअर हाय का भांडी धुतलेलं पाणी?"

"गप रव मेल्या. फुकट पितंस तेव्हा गोड लागता."

"आवो, तुमच्या घरात बुचाचा इन्स्पेक्टर हाय, आन तुमच्याच बाटल्या गळत्यात. हसतील की लोक."

दादा हसले. मला मात्र ते लागलं. ज्या माणसाने मला आसरा दिला, त्याच्यासाठी मला येणारी एक गोष्ट होती आणि ती मी आजवर केली नव्हती.

आषाढ संपत आला होता. दादा श्रावण कडक पाळायचे, महिनाभर मासे नाहीत की दारू नाही. म्हणून गटारी अमावस्येच्या अलीकडच्या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, बसायचं ठरलं होतं. पण दादांची एक लांबची ट्रिप मध्ये आली आणि डबा लावायलाच उशीर झाला. बाटल्या भरायच्या दिवशी डब्यात अजून बुडबुडे येत होते.

"अजून दोन-तीन दिवस हवेत," मी म्हणालो.

"श्रावण थांबता काय तुझ्यासाठी? दरवर्षी असाच भरतंय."

ते खरं होतं. दरवर्षी असंच भरत होते आणि काही होत नव्हतं. का होत नव्हतं, याचा विचार मी केला नाही. मेकॅनिककडून मी रबराची पातळ शीट आणली होती. तिच्यातून नेमक्या मापाच्या चकत्या कापल्या, एकेक प्रत्येक बुचाच्या आत बसवली आणि हत्यार दोनदा फिरवून दाबलं. कारखान्यातल्यासारखी प्रत्येक बाटली उलटी करून पाहिली. एकही गळली नाही. दादांनी दोन-तीन कानाशी धरल्या. काही ऐकू येईना.

"पदवीधरा, मानला तुका," ते म्हणाले. तो शब्द मी त्या दिवशी घरी आईला फोनवर सांगितला होता.

पाण्याच्या बाटलीत काही जिवंत नसतं, बिअरच्या असतं. आतली साखर संपेपर्यंत यीस्ट गॅस करत राहतं, आणि इथल्या उन्हाळ्यात तर फारच भराभर. हे मी दुसऱ्या वर्षाला शिकलो होतो, पेपरात लिहून मार्क मिळवले होते. दादांच्या बाटल्या इतकी वर्षं टिकल्या त्या गळत होत्या म्हणून. ती गळती मी दुरुस्त केली.

शुक्रवारी दुपारी जेवण आटोपल्यावर दादा फ्रीजमध्ये ठेवायला बाटल्या पुसत होते. स्वयंपाकघरात एसी नाही. मी बाहेर ताटं उचलत होतो. टायर फुटल्यासारखा आवाज झाला. आत गेलो तर दादा ओट्याला टेकून उभे होते, उजव्या डोळ्यावर पुसायचं फडकं दाबलेलं. त्यांनी "लायट गेली काय रे?" एवढंच विचारलं.

मेकॅनिकच्या गाडीतून आम्ही त्यांना सलमानियाच्या सरकारी हॉस्पिटलात नेलं. तिथे नर्सने विचारलं, कसं झालं. मी तोंड उघडायच्या आत दादा हिंदीत म्हणाले, "माल्ट का बोतल था. दुकान का. फट गया." मग डाव्या डोळ्याने माझ्याकडे बघितलं. मी होकाराची मान हलवली. तिने ते लिहून घेतलं.

घरी परतून मी उरलेल्या बाटल्या ओल्या चादरीत धरून एकेक उघडल्या आणि मोरीत ओतल्या. प्रत्येकीचा फेस छतापर्यंत जात होता. अशीच बिअर व्हावी म्हणून मी ते केलं होतं.

डोळा गेला. डॉक्टरांनी प्रयत्न केले, पण गेला. कंपनीचे लोक वाईट वागले नाहीत. एका डोळ्याच्या माणसाला ट्रेलर देता येत नाही, एवढंच त्यांनी सांगितलं आणि व्हिसा कॅन्सल केला. श्रावण संपायच्या आत दादा गावी परत निघाले. विमानतळावर मी म्हणालो, "दादा, माझ्यामुळे झालं."

"तुझा बूच बरोबर होता रे. घाई माका होती." त्यांनी बॅग उचलली आणि दाराच्या अंदाजाने जरा डावीकडेच चालू लागले. मी दंड धरून त्यांना सरळ केलं.

मुलीचं कॉलेज त्या वर्षीच सुटलं. ती आता मेडिकलच्या दुकानात काउंटरवर उभी असते. हे मला दादांच्या बायकोने, वहिनींनी, फोनवर सांगितलं. दुकानातली बाटली फुटली हेच त्यांना ठाऊक आहे. दर फोनला त्या म्हणतात, "भाऊजी, तुम्ही होतात म्हणून यांना वेळेवर हॉस्पिटलात नेलं. तुमचे उपकार आहेत." मी ऐकून घेतो. खरं सांगितलं तर दादा घरात खोटे ठरतील, असं मी स्वतःला समजावतो. ते कारण पुरतं खरं नाही, हेही मला कळतं.

गेल्या महिन्यात गावाहून येणाऱ्या एकाजवळ वहिनींनी कोकमाचं आगळ पाठवलं. जुन्या काचेच्या बाटलीत भरलेलं, वर प्लास्टिकचं झाकण. पिशवी उघडली तर अर्धं आगळ गळून गेलं होतं आणि सगळी पिशवी लाल झाली होती. झाकण आट्यांवर तिरकं बसलं होतं.

पोचल्याचं कळवायला फोन केला. वहिनी म्हणाल्या, "झाकण त्यांनीच लावलंय. नेम बसत नाही, पण ऐकतील तर ना. गळलं तर नाही?"

मागून दादांचा आवाज आला, "पदवीधरान तपासल्यान काय, विचार."

"तपासली," मी म्हणालो. "एक थेंब गळलेला नाही."