मुठीतली चावी

प्रिय रूथ आणि नील,

हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही, पाळकसाहेबांना नाही. प्रार्थनेतसुद्धा मी या गोष्टीजवळ आले की घाईघाईने दुसऱ्या कोणासाठी तरी प्रार्थना करू लागते.

रूथ, तुझं पत्र आलं. तुमच्या चर्चमध्ये बेघर लोकांसाठी काम सुरू करताय, आणि शहापूरची आपली मंडळी ते कसं करते ते मी लिहून पाठवावं, सोबत माझा सत्काराची शाल घेतानाचा फोटोही — तुला तो भिंतीवर लावायचाय. पत्र वाचलं. चार दिवस ते बायबलमध्ये ठेवून दिलं होतं.

आधी कामाचं लिहिते. ते मला जमतं.

बाजारामागे बंद पडलेल्या गोदामाचा ओटा आहे. कोणाची झोपडी पावसात पडलेली, कोणाचं काम सुटलेलं, अशी माणसं तिथे राहतात. रविवारी उपासना संपली की आम्ही बायका चर्चच्या मागच्या अंगणात खिचडी करतो, तरणी मुलं-मुली डबे घेऊन ओट्यावर जातात. जुने कपडे येतात ते मी निवडते. फाटकं, विटकं बाजूला काढते — जे आपण पाहुण्याला देणार नाही ते त्यांनाही देऊ नये. आधी विचारावं, मग द्यावं. साड्यांचा ढीग आला होता तेव्हा त्यांना हवी होती ती पाण्याची कळशी. आणि सगळ्यांची नावं मी वहीत लिहून ठेवते. घरात किती माणसं, कोण आजारी, कोणाला काय दिलं. घर म्हणायचं ते ओट्यालाच.

ब्लँकेटं मात्र कापणीच्या सणाला. तुम्ही हा सण पाहिलेला नाही. भात कापून झालं की मंडळी नवे तांदूळ, दुधी, केळीचे घड, कोंबड्या घेऊन येतात आणि वेदीपुढे ठेवतात. गरिबांसाठीची ब्लँकेटंही तिथेच रचायची. पाळकसाहेबांनी समर्पणाची प्रार्थना केल्याशिवाय त्यातलं काही कोणी उचलायचं नाही, अशी आमची रीत. कुठे लिहिलेली नाही. पण मी ती कधी मोडली नव्हती.

चार वर्षांपूर्वीच्या सणाला तीस ब्लँकेटं आली होती. सण रविवारी. मंगळवारीच मी याकोबभाऊंकडून ब्लँकेटं ठेवलेल्या चर्चच्या कपाटाची चावी मागून घेतली, निवडायला आणि घड्या घालायला. याकोबभाऊ म्हणजे तेव्हाचे चर्चचे सेवक — झाडलोट, घंटा, किल्ल्या, सगळं त्यांच्याकडे. त्यांच्या मुलीला मी इंग्रजी शिकवलं होतं, फी न घेता. हे मी का लिहितेय? पुढे कळेल.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास मी कपाट बंद करून वळले, तर दारात ठमीबाई उभी.

ती आणि तिचा म्हातारा नवरा मुरबाडकडच्या डोंगरातल्या पाड्यावरचे. भातकापणीला आले, काम संपलं, परत जायला झोपडी उरली नव्हती. वहीत मी लिहिलं होतं — ठमीबाई, माणसं दोन. त्या आठवड्यात थंडी एकदम पडली होती. तिने पदर तोंडावर धरला होता आणि ती खोकत होती. खोल, ओला खोकला. पदरावर डाग होते. कसले, ते मी पाहिलं नाही. पाहायची हिंमत झाली नाही.

म्हणाली, नवरा दोन दिवस उठत नाही. अंग आगीसारखं लागतंय आणि तरी कापतोय. एक पांघरूण हवं होतं.

मी तिला सणाचं सांगितलं. रविवारी मिळेल म्हटलं. तिने नीट ऐकून घेतलं. मग एक पाऊल आत टाकलं आणि म्हणाली, "आज दे गो बाय. रविवारी मी परत आणून देते. मग तुमी सगल्यांसमोर द्या."

तिथेच कपाट उघडून द्यायला हवं होतं, नाही का? पण मला दिसत होतं ते एवढंच — ती जवळ येतेय, तो पदर, तो खोकला. ब्लँकेट द्यायचं तर तिच्या हातात द्यावं लागणार. ती म्हणणार, बाय, चल, बघ त्याला. मला जावं लागणार. त्या ओट्यावर, त्याच्या तोंडाशी वाकावं लागणार. मला भीती वाटली. रीत वगैरे काही नव्हतं, मुलांनो. चार वर्षं मी मनाशी रीत रीत म्हणत आलेय. होती ती भीती.

मी म्हटलं, "चावी याकोबभाऊंकडे आहे. ते सापगावला गेलेत, मुलीकडे."

चावी माझ्या मुठीत होती. मूठ मी पदराखाली घेतली. इतकी घट्ट आवळली होती की तळव्यावर चावीचे दाते उमटले.

ती गेली. मला वाटलं, ओट्यावर परत जाईल. ती सापगावला गेली — चालत, खोकत, त्या तापलेल्या माणसाला एकटं सोडून. माझ्या शब्दावर गेली.

याकोबभाऊंनी तिला सांगितलं की चावी आपल्याकडे नाही. पण ते तिला तसं परत पाठवू शकले नाहीत. मुलीच्या अंथरुणावरची गोधडी उचलली आणि तिच्याबरोबर निघाले. दोघं पोचले तेव्हा म्हातारा गेलेला होता. खताचं रिकामं पोतं अंगावर ओढून घेतलेलं. याकोबभाऊंनी गोधडी त्याच्यावर घातली.

ब्लँकेटाने तो वाचला असता का? ठाऊक नाही. पण तिचा हात हातात असताना गेला असता, एवढं ठाऊक आहे.

रविवारी प्रार्थना झाली. मी वही घेऊन वेदीपाशी उभी राहिले आणि नावं वाचली. ठमीबाई आली. मी तिच्या हातावर दोन ब्लँकेटं ठेवली, कारण वहीत दोन लिहिलं होतं. मी खोडलं नव्हतं. तिने वरचं काढून परत माझ्यापुढे धरलं.

"एक जास्तीची हाय, बाय."

एवढंच म्हणाली. त्यानंतर ती ओट्यावर दिसली नाही.

पुढच्या आठवड्यात चर्चचे पंच बसले. कोणीतरी विचारलं, सेवक चावी घेऊन गावाला जातोच कसा? ठमीबाईने सापगावला निघताना ओट्यावर सगळ्यांना तसंच सांगितलं होतं ना — बायनं सांगितलं, चावी याकोबकडं हाय. मला विचारलं. मी म्हटलं, मला तसंच वाटलं. याकोबभाऊ दाराशी उभे होते. मंगळवारी त्यांनी स्वतःच्या हाताने चावी माझ्या हातात दिली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग म्हणाले, "असंल साहेब. निघताना खिशात गेली असंल."

त्यांचं काम गेलं. मुलीच्या फीची ती फेड होती का? मी कधी विचारलं नाही. आजही ते शेवटच्या बाकावर बसतात आणि मला "कशा आहात, बाई" म्हणतात. दर रविवारी मला वाटतं, आज बोलतील. ते बोलत नाहीत. सकाळी अकराला फाटकाची कडी वाजली की माझी मूठ आपोआप आवळते.

त्यानंतर मीच पंचांना सांगून कपाटाचं कुलूप काढायला लावलं. हवं त्याने, हवं तेव्हा येऊन न्यावं. सगळ्यांना ते फार आवडलं. शाल त्याचसाठी होती. रूथ, तू भिंतीवर लावणार आहेस तो फोटो त्या शालीचा आहे.

तुमच्या कपाटाला कुलूप लावू नका. फोटो मी पाठवत नाही.

परवा रविवार आहे. उपासनेनंतर पाळकसाहेब विचारतात, कोणाला काही सांगायचं आहे का. मी उभी राहणार आहे. याकोबभाऊ मागे असतील. वाक्य कागदावर लिहून ठेवलंय, कारण तोंडात येईल याची खात्री नाही.

चावी माझ्याकडे होती.

तुमची,
आजी